शून्य पॉइंट आठ

हिरव्या-पिवळ्या तारेच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती, नीट, तीन वेढे, आणि शेवटच्या वेढ्याचं टोक आतल्या बाजूला दुमडलेलं – म्हणजे पुन्हा काढायची वेळ आली तर नखाने सहज उचलता यावं – आणि तारेचं ते टोक कुठेही जोडलेलं नव्हतं. सर्व्हरच्या रॅकमागे उकिडवं बसून, टॉर्च दातांत धरून, ती त्या टोकाकडे बघत राहिली. तारेचं वरचं टोक लोखंडी चौकटीला पितळी बोल्टाने घट्ट आवळलेलं होतं, वॉशरसकट. दार उघडून डोकावणाऱ्या कोणालाही वाटावं, वा, अर्थिंग चोख आहे. तिथून तार सरळ खाली उतरत होती, ऐटीत, जणू आता जमिनीत शिरणारच... आणि फरशीपाशी आल्यावर कोपऱ्यात, कोणाच्या नजरेला पडू नये अशी, वेटोळं घालून पडली होती.

तिला किळस आली. आधी वाटलं, खोलीचा वास. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेची ही मागची खोली पूर्वी न्हाणीघर होती. भिंतींवर खांद्यापर्यंत पिवळट टाइल्स तशाच होत्या, नळाच्या जागी लाकडी खुंटी ठोकलेली, आणि मोरीच्या जाळीवर पुठ्ठा टाकून वर वीट ठेवलेली. पुठ्ठा भिजून भिजून लापशीसारखा झालेला. त्यातून जो काही वास येत होता तो नाकाने नाही, जिभेच्या मुळाशी कळत होता. रॅकच्या पंख्याच्या जाळीवर राखाडी धूळ लोकरीच्या नमद्यासारखी दाटलेली, त्यात केस, लांब, कोणाचे कोण जाणे, आणि एक वाळलेली पाल, पाय पसरलेली. सकाळी आत पाऊल टाकताना तिने नाक मुरडलं होतं आणि पैलवानाला म्हटलं होतं, असल्या जागी माणसं कशी यंत्रं ठेवतात. पैलवान म्हणजे तिचा जोडीदार, वय पन्नास, अंगाने काडी, नाव मात्र पैलवान. तो नेहमीच्या शांतपणे म्हणाला होता, "यंत्रं तक्रार करत नाहीत म्हणून."

पण हे वासाचं नव्हतं. ही टेप तिला ओळखीची होती.

तीन वेढे आणि दुमड. अशी दुमड जगात एकच माणूस घालतो. दुसरी मी.

मास्तरांनी शिकवली होती ती. सगळंच त्यांनी शिकवलं होतं. वडील गेल्यावर आईने तिला त्यांच्या हवाली केलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की आवळतो तेही तिला ठाऊक नव्हतं. जड खाली, हलकं वर, नाहीतर रॅक तोंडावर आपटेल. आधी रॅकचे पाय टेकव, मग यंत्र सरकव. दोन यंत्रं एकदम बाहेर ओढायची नाहीत. एकट्याने उचलायचं नाही, पाठ एकच असते. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय यंत्रातल्या सर्किटच्या पाटीला बोट लावायचं नाही. आणि सगळ्यात आधी, पोरी, सगळ्यात आधी अर्थिंग. बाकी सगळं चुकलं तर यंत्र मरतं, हे चुकलं तर माणूस. असं म्हणताना ते मीटर छातीशी धरायचे, गुरवाने घंटा धरावी तसा. आई अजून म्हणते, मास्तर म्हणजे देवमाणूस. मुलगा त्यांना आजोबा म्हणतो. रविवारी गुडघ्याचं तेल घेऊन जायचंय...

ती उठली. रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या खिशात जोडणीचा फॉर्म होता, पाच वर्षांपूर्वीचा, कडा पिवळ्या पडलेला. खाली मास्तरांची सही. वरचा मजकूर तिच्या अक्षरात. 'भिंतीतील सॉकेटला अर्थिंग नसल्याने स्वतंत्र तार मुख्य पॅनेलपर्यंत जोडली. तपासणी केली. न्यूट्रल ते अर्थ : ०.८ व्होल्ट.'

तिला ती दुपार आठवली नव्हती. आता आठवली, आणि इतकी स्वच्छ की त्या आठवणीचाच राग आला. ती दाराशी उभी होती, पॅड हातावर तोलून. मास्तर रॅकच्या मागे होते, फक्त त्यांची पाठ दिसत होती, घामाने शर्ट चिकटलेली. मागून आवाज आला, "लिही, शून्य पॉइंट आठ." तिने लिहिलं. मीटरचा 'टूक' असा आवाज होतो चालू करताना – तो झाला होता का? तिने ऐकला होता का? की ऐकला नाही हे तिला तेव्हाच कळलं होतं, आणि तिने ते, आवंढा गिळावा तसं...

"बाई, जरा पाय उचला, पुसून घेते."

सफाईवाल्या मावशी बादली घेऊन आल्या होत्या. पायांत रबरी स्लिपर, दोन्ही वेगळ्या रंगांच्या. फडकं पिळून त्यांनी फरशी पुसायला घेतली, पण रॅकपाशी आल्यावर हात आखडला आणि वळसा घालून पलीकडून पुसू लागल्या, जणू तिथे कुत्रं बसलंय.

"तिकडे का नाही पुसत?"

"त्या कपाटाला मुंग्या येतात ना. एकदा ओल्या हाताने दार धरलं, तर कोपरापर्यंत सणक गेली." त्या हसल्या. "टायवाल्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, मावशी, वय झालं, शुगर तपासून घ्या. इथेच फुकट तपासली त्यांनी. नॉर्मल आली."

"कधीपासून येतात?"

"मी लागले तेव्हापासून. चार वर्षं होतील. आता सवय झाली. कोरड्या फडक्याने धरते."

सवय झाली. तिला वाटलं, इथे आता ओकारी होईल, मोरीवरच्या त्या पुठ्ठ्यावर, आणि मावशी तेही न बोलता पुसतील, वळसा घालून.

मग तिने ते केलं जे पाच वर्षांपूर्वी कोणीच केलं नव्हतं. पॅसेजमधल्या मुख्य पॅनेलच्या अर्थपट्टीला लांब तार अडकवली, ती उलगडत उलगडत खोलीत आणली – पंचवीस पावलं, एक भिंत, फार तर अर्ध्या दिवसाचं काम – मीटरचं एक टोक तिला लावलं, दुसरं रॅकच्या उघड्या लोखंडाला. टूक. आकडे थरथरले आणि थांबले. शून्याच्या आसपास यायला हवे होते. एकशे बारा.

पैलवान आज बसवायच्या नव्या सर्व्हरच्या खोक्यावर बसला होता. त्याने मान लांब करून आकडा वाचला आणि खोक्यावरून उठला.

"हे आत सरकवलं की गळती अजून वाढेल," तो म्हणाला.

वाढणारच. प्रत्येक यंत्र थोडी वीज आपल्या अंगावर गळू देतं, ती अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावी एवढीच अपेक्षा असते. तार नसेल तर ती लोखंडावर वाट बघत बसते, ओल्या हाताची. नव्या सर्व्हरला दोन वीजजोड होते, म्हणजे गळतीही दुप्पट. आणि एखाद्या दिवशी आतली एखादी वायर वितळून चौकटीला टेकली, तर ना फ्यूज उडणार, ना दिवा जाणार. सगळं आहे तसं चालू राहील, फक्त दार धरणारी मावशी...

ती बाहेर गेली आणि मास्तरांना फोन लावला. त्यांच्याकडे टीव्ही चालू होता.

"मास्तर, ती रक्ताची प्रयोगशाळा आठवते? न्हाणीघरातला रॅक?"

"आठवते की. काय म्हणते?"

"अर्थिंगची तार मोकळी आहे."

टीव्हीचा आवाज कमी झाला. मग पूर्ण बंद झाला.

"टेप लावलेली आहे ना टोकाला?" मास्तर म्हणाले.

तिला तो प्रश्न ऐकू आला होता, पण तो कानावाटे आत जाईना. बाहेरच, कानाच्या पाळीपाशी, ओल्या फडक्यासारखा लोंबकळत राहिला.

"अगं, ते लोक भिंत फोडू देईनात. आज नको, उद्या नको. मी नंतर येऊन जोडणार होतो, म्हणून तर तार कापली नाही, नीट ठेवली. मग राहून गेलं. कोणाला काही झालं का?"

"नाही."

"मग झालं तर. आता तू गुपचूप जोडून टाक आणि मोकळी हो. झाकली मूठ राहू दे. फॉर्मवर अक्षर तुझं आहे पोरी, तुझ्याच भल्यासाठी सांगतो."

आवाज तोच होता. त्या प्रेमळपणात एक कणही खोटा नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. नीच माणूस नीच आवाजात बोलला असता तर किती सोपं झालं असतं. इथे तर ज्या आवाजाने वडिलांच्या तेराव्याला 'मी आहे ना' म्हटलं होतं तोच आवाज, त्याच मायेने, तिच्या हातात काहीतरी मऊ, बुळबुळीत ठेवत होता आणि मूठ मिटायला सांगत होता.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. 'बरं' का म्हणाले मी?

कारण मिटता आली असती मूठ. हे तिला पॅसेजमधून परत येताना स्पष्ट दिसलं. आज नवा सर्व्हर जोडून द्यायचा, मावशींना तेवढं खोलीत येऊ नका म्हणायचं, आणि येत्या सुट्टीच्या दिवशी पैलवानाला घेऊन चुपचाप भिंतीतून तार ओढायची. चार दिवसांचा प्रश्न. कोणाला कळणार नाही. मास्तरांचं नाव राहील, आपलंही. नंतर येऊन जोडू... आणि या तीन शब्दांपाशी ती अडखळली, कारण ते तिच्या डोक्यात तिच्याच आवाजात आले होते.

व्यवस्थापक, ज्याला मावशी टायवाले साहेब म्हणत, खोलीच्या दारात सफरचंद खात उभा होता. त्या वासात. चावा घेताना त्याच्या हनुवटीवर रस ओघळत होता आणि तो टायच्या टोकाने पुसत होता.

"काय मॅडम, दोनपर्यंत होईल ना? बाहेर चाळीस पेशंट बसलेत रिपोर्टसाठी. जुनं मशीन रडतंय."

"आज जोडता येणार नाही. जुनंही बंद करावं लागेल. रॅकवर वीज उतरली आहे."

"वीज उतरली म्हणजे?"

"म्हणजे मावशींना शुगर नाही."

तो क्षणभर चावायचा थांबला. मग पुन्हा चावू लागला. "पाच वर्षं काही झालं नाही. आणि आमच्याकडे तुमच्याच कंपनीचा फॉर्म आहे. सगळं तपासलंय म्हणून." त्याने आत येऊन रॅकच्या दाराच्या खिशातला कागद काढला, चिकट बोटांचा ठसा नेमका आकड्यावर उमटला. "हे अक्षर कोणाचं आहे?"

पैलवान पाठ फिरवून नसलेला स्क्रू शोधायला लागला.

"माझं," ती म्हणाली.

"मग?"

"खोटं आहे ते."

"मॅडम, तुम्हाला कळतंय ना काय बोलताय? मी तुमच्या साहेबांना फोन करतो."

"करा. नंबर फॉर्मवर आहे. तोपर्यंत मी मशीन नीट बंद करते, नाहीतर रिपोर्ट जातील."

तिने जुना सर्व्हर रीतसर बंद केला. पंखे हळूहळू उतरत थांबले तेव्हा खोलीत मोरीचा आवाज ऐकू आला, खोल, गिळल्यासारखा. मग तिने मेन स्विच खाली पाडला, त्याच्या कडीत स्वतःचं लाल कुलूप अडकवलं आणि चिठ्ठीवर स्वतःचं नाव, तारीख आणि आकडा लिहिला. एकशे बारा. नवा फॉर्म भरला. व्यवस्थापक खोक्यावर ठेवून गेलेल्या जुन्या फॉर्मवर आडवी रेघ मारून सही केली. बाहेर व्यवस्थापक फोनवर मोठ्याने बोलत होता. 'तुमची बाई' हे दोन शब्द तेवढे तीनदा ऐकू आले.

"आपले साहेब काढतील तुला," पैलवान हळूच म्हणाला.

"काढतील."

"आणि मास्तर?"

तिने बेसिनपाशी जाऊन हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत, दोनदा. वाटलं होतं, आता बरं वाटेल. खरं बोललं की छातीवरचं ओझं उतरतं असं म्हणतात. उतरलं नाही. किळस तशीच होती, फक्त तिला आता जागा उरली नव्हती. सकाळी ती मोरीवर होती, मग टेपवर, मग सफरचंदावर, त्या मायाळू आवाजावर. आता ती कशावरच टेकत नव्हती, हवेसारखी होती, श्वासाबरोबर आत-बाहेर. शाळेचं कार्यालय. ती दंतवैद्याची इमारत. ग्रंथालय, जिथे मुलांच्या बसायच्या खोलीतच रॅक होता. मागून आवाज येतो, लिही, आणि मी लिहिते. किती फॉर्म? तीस? चाळीस? त्यातले किती आकडे मीटरमधून आले आणि किती नुसते तोंडातून? मास्तरांना विचारलं तर ते सांगतीलही, मायेने. आणि ते खरं सांगतायत की नाही हे ओळखायला मला कोणी शिकवलं नाही.

गुडघ्याचं तेल पिशवीतच होतं. रविवारी जायचं की नाही, याचा विचार करायला गेलं की मन त्या जागी पोचून वळसा घालत होतं.

पैलवान खोकं गाडीत चढवायला मदतीची वाट बघत होता. ती मागच्या दाराने बाहेर पडली. आवाराचं लोखंडी फाटक अर्धवट मिटलेलं होतं, दुपारच्या उन्हात तापलेलं, साधं फाटक, विजेशी ज्याचा काही संबंध नाही. तिने ते ढकलायला हात पुढे केला, आणि हात वाटेतच उलटा झाला – तळवा आत, बोटांची मागची बाजू पुढे – अनोळखी लोखंडाला नेहमी हाताच्या पाठीने शिवायचं पोरी, झटका बसला तर मूठ मिटते, पाठीने शिवलं तर हात सुटतो. वीस वर्षं ती असंच करत आली होती, कधी मुद्दाम आठवावं लागलं नव्हतं. आता ती तशीच थांबली, हात फाटकापासून बोटभर अंतरावर, ऊन मानेवर, आणि हे तरी त्यांनी खरंच सांगितलं होतं का, हे कोणाला विचारावं ते तिला कळेना.