मेणाच्या वजनाआधीचा भाव

“आत्ता सुमारे पंचेचाळीस हजार म्हणा, रायर. मेण तयार झालं की वजन करीन, मग पक्कं सांगतो.”

स्वामीमलैचे मूर्तिकार सुब्रह्मण्य स्थपती एवढंच बोलले होते. मूर्ती आधी मेणात घडते, आणि ओतताना त्या मेणाच्या आठपट धातू लागतो; मेण तोलल्याशिवाय ते भाव सांगत नसत. सेतुराम, तंजावरकडचा मराठी म्हणून तमिळ लोकांचा ‘रायर’, कुंभकोणमच्या बसस्टँडसमोर इंग्रजी पत्रं टाइप करून देई. एस्टिमेट म्हणजे अंदाज, तो हलतो. कोटेशन म्हणजे शब्द, सही झाली की हलत नाही. तीस वर्षं टायपिंग करणाऱ्याला हे सांगायला नको होतं.

पण दिल्लीच्या व्यापाऱ्याला कोटेशनच हवं होतं, आणि स्थपतींकडे आठ महिने काम नव्हतं. सेतुरामने कोटेशन टाइप केलं. मेणाचं वाक्य गाळलं. इंग्रजी न येणाऱ्या स्थपतींनी खाली तमिळमध्ये सही केली. ऑर्डर आली, तेव्हा ते केळ्यांचा फणा घेऊन आले.

एक्क्याण्णवच्या जुलैत रुपया घसरला, तांबं कडाडलं. मेणही अंदाजाच्या अकरा किलोंऐवजी चौदा किलो भरलं.

“भाव वाढवून लिहा, रायर.”

सेतुरामने कार्बन प्रत पुढे ठेवली. “लिहिता येणार नाही. यात पक्का भाव आहे.”

“मी तसं बोललो नव्हतो.”

“नव्हतात. मी लिहिलं. अंदाज लिहिला असता तर काम गेलं असतं.”

“मग आता आलंय ना काम!” स्थपती हसले. ते हसणं ऐकवत नव्हतं.

चूक टायपिस्टाची, असं सेतुरामने दिल्लीला कळवलं. उत्तर स्थपतींच्या नावे दोन ओळींचं आलं: सही तुमची आहे, ठरल्या भावात मूर्ती द्या, नाहीतर आगाऊ रक्कम परत करा. ती रक्कम केव्हाच धातूत गेली होती.

ओतकामाच्या दिवशी सेतुरामने घरातलं तांब्याचं तपेलं उचललं. त्याची बायको अलमेलु दारात आडवी आली.

“तें कुठें नेतां? तुमच्या एका पत्रापायीं आतां पाणी भरूं कशांत?”

“मातीच्या घागरींत भर,” म्हणून तो बस पकडायला निघाला.

स्थपतींनी तपेलं तोललं, ठेचून मुशीत टाकलं. हिशेबाहून दहा किलो जास्त धातू वितळवायचा, ही त्यांच्या वडिलांची रीत. आज तेवढा नव्हता. मातीच्या साच्याला दोन छिद्रं असतात: एकातून रस ओतायचा, दुसऱ्यातून तो वर दिसला की मूर्ती भरली.

मूस रिकामी झाली. दुसऱ्या छिद्रात काळोखच होता.

“थोडा रस आणखी करून…” सेतुराम म्हणाला.

“पूजेच्या मूर्तीला सांधा चालत नाही.” स्थपती खाली बसले. “जा, रायर. बस चुकेल.”

आगाऊ रक्कम फेडायला ओतशाळा विकायला काढल्याचं सेतुरामला महिन्याने कळलं. विक्रीचे कागद स्थपतींनी दुसऱ्या टायपिस्टाकडून करून घेतले होते. प्रत्येक ओळ तमिळमध्ये वाचून घेतल्यावरच त्यांनी सही केली, असं तो टायपिस्ट सांगत होता.