दहातले सात

टेलरमास्तरांना कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या, तर त्या अर्ध्याच कपाळावर पडल्या. जन्मभर गिऱ्हाइकांवर आठ्या घातलेला माणूस, आणि आज निम्मं कपाळ संपावर! सकाळी उठले तेच तोंड वाकडं घेऊन. चहा एका कोपऱ्यातून गळत होता, डावा डोळा मिटत नव्हता. तोंडावरून वारं गेलं म्हणत बायकोनं त्यांना दवाखान्यात आणलं होतं.

धाकट्या डॉक्टरांनी हातापायांची ताकद बघितली, ती शाबूत होती. झटका मेंदूचा असता तर कपाळ सुटलं असतं; ही चेहऱ्याची नस सुजली होती. "बसा, बघून सांगते," त्या म्हणाल्या आणि कॉम्प्युटरकडे वळल्या.

या "बघून सांगते"नंच त्यांचं नाव खराब केलं होतं. जिला बघावं लागतं तिला येतं तरी काय, असं लोक उघड म्हणत. दवाखाना सासऱ्यांचा. थोरल्या डॉक्टरांनी पेशंटसमोर कधी पुस्तक उघडलं नव्हतं. नाडी धरायची, औषध लिहायचं, विषय संपला. सूनबाई खुर्चीवर बसायला लागल्यापासून निम्मे पेशंट बाहेरूनच परत जात. आणखी एक जुना पेशंट तुटला तर खुर्ची परत माझी, असं थोरल्यांनी कालच बजावलं होतं. आणि आज समोर कोण, तर त्यांचा शाळेपासूनचा दोस्त.

थोरले आतून आले. मित्राचं तोंड बघून चरकले, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. व्हिटॅमिनची इंजेक्शनं आणि विजेचा शेक, त्यांनी सांगून टाकलं. सूनबाई म्हणाल्या, साखर तपासून स्टेरॉइडच्या गोळ्या, त्याही आजच, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत दिल्या तरच त्यांचा खरा उपयोग. मास्तर त्या न मिटणाऱ्या डोळ्यानं दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

थोरल्यांनी सूनबाईंना आतल्या खोलीत बोलावून दार लोटलं.

"चाळीस वर्षं मी हेच देतोय. लोक बरे झालेत."

"बाबा, दहातले सात काहीच न देता बरे होतात. म्हणून आपल्याला वाटतं, आपण बरे केले."

थोरल्यांची नजर दाराकडे गेली. उरलेल्या तिघांतली एक बाहेर नंबर देत बसली होती. सासूबाईंचं तोंड तरुणपणी असंच वाकडं झालं ते वाकडंच राहिलं, आणि ती इंजेक्शनं थोरल्यांनी स्वतःच्या हातानं दिली होती. सूनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शब्द मागे घेतला नाही. खोटं काही बोलल्या नव्हत्या.

"दाखव," थोरले म्हणाले.

चष्मा लावून ते आतल्या कॉम्प्युटरसमोर बसले. सूनबाईंनी अशाच शेकडो पेशंटांवर झालेला अभ्यास उघडून दिला. कुणाला खरी गोळी, कुणाला नुसती पिठाची, कुणी ठरवलं, किती बरे झाले, सगळं बोट ठेवून वाचलं. कुठे अडलं तर सुनेला विचारलं, आणि विचारताना लाजले नाहीत. शेवटी एवढंच विचारलं की हे छापलं कधी. सूनबाईंनी साल दाखवलं. सासूबाईंच्या आजारानंतर बऱ्याच वर्षांनी.

मग थोरले बाहेर येऊन मित्राला म्हणाले, "सूनबाई सांगते तेच घे. मी वाचलंय."

महिना-दीड महिन्यानं मास्तर आले ते दोन्ही गाल फुगवून दाखवतच. भरल्या दवाखान्यात त्यांनी जाहीर केलं की धाकट्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे.

"गुणबिण काही नाही," थोरल्यांनी तिथल्या तिथे तोडलं. "तू बहुतेक तसाही बरा झाला असतास. सात होतात, औषधानं नऊ होतात. तू त्यातला कोणता, हे मलाही सांगता येणार नाही आणि हिलाही नाही."

मास्तर हिरमुसले. सूनबाईंचा मात्र ऊर भरून आला. एवढ्या लोकांसमोर, या वयात, असं बोलायला केवढी छाती लागते! आपण या माणसाची सून आहोत, याचा त्यांना त्या दिवशी फार अभिमान वाटला.

नंबर देता देता सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी राहिलेल्यांतली."

थोरले बायकोजवळ गेले.

"तुझ्या वेळी मला माहीत नव्हतं गं."

"कुणालाच नव्हतं. मी सूनबाईला विचारलंय," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याच वाकड्या तोंडानं मोठ्यांदा पुढचा नंबर पुकारला.