सारसाचं पिल्लू कुठे जातं

पाणथळ खात्यातल्या बाईंना एक गोष्ट आतून खात होती आणि ती त्या कुणापाशी बोलत नसत. दरवर्षी त्यांच्या दलदलीत सारसाची जोडी घरटं करायची, अंड्यातून पिल्लू बाहेर यायचं आणि चार दिवसांत दिसेनासं व्हायचं. मेलं, दुसरं काय! वरच्या ऑफिसला बाई तसंच कळवायच्या आणि घरी जाऊन भांड्यांवर राग काढायच्या.

यंदा तर निधी देणाऱ्यांनी अटच घातली. पाणथळ खातं आणि शेजारचं वनखातं, दोघांनी मिळून एकच आराखडा करा, नाहीतर छदाम मिळणार नाही. दोन्ही खात्यांवरचे संचालक लगेच म्हणाले, जिथे पिल्लू जगतच नाही तिथे पैसा कशाला ओतायचा? वनखात्याच्या तळ्यावर पिल्लं दिसतात, सगळं तिकडेच देऊ. म्हणजे दलदलीचा फुटका बांध फुटकाच राहणार, पाणी वाहून जाणार आणि एक-दोन उन्हाळ्यांत तिथे नुसत्या भेगा उरणार. मनातून बाईंनाही वाटत होतं, यात खोटं काय आहे?

आराखड्याआधी एकमेकांची जागा बघायची ठरली. इतकी वर्षं शेजारी राहून दोन्ही खात्यांतलं कुणी दुसऱ्याच्या कुंपणापलीकडे गेलं नव्हतं. हद्द म्हणजे हद्द, मग पक्ष्यांना कळो न कळो!

वनखात्याचे अधिकारी आले. बाईंच्या ऑफिसात त्यांना पाठीमागे 'खडूस' म्हणायचे आणि माणूस होताही तसाच. चहा नको, खुर्ची नको, आधी घरटं दाखवा. बाईंनी सांगितलं, आम्ही जवळ जात नाही, पक्षी बुजतात. मचाणावरून दुर्बिणीनेच बघतो. खडूसांनी विचारलं, आता तिथे बुजायला आहे कोण? बोलणं झोंबलं, पण खरं होतं. आदल्या दिवसापासून घरटं रिकामं होतं. बाईंनी गमबूट चढवले.

घरट्यात फुटकी टरफलं तेवढी होती. खडूस मात्र काठावरच्या चिखलात उकिडवे बसले होते. तिथे मोठ्या पक्ष्याचं पाऊल उमटलं होतं आणि त्याचं एक बोट अर्धंच होतं. मचाणावरून ते दिसणार कसं? पाय सदा पाण्यात. शेजारी इवलीशी पावलंही होती. ती सरळ कुंपणाखालून पलीकडच्या माळावर गेली होती आणि माळाच्या त्या टोकाला वनखात्याचं तळं होतं.

"ही आमची लंगडी, आमच्या तळ्यावर असते ती," खडूस हळूच म्हणाले. पिल्लू तिथवर पोचलं का, हे विचारायची बाईंची छाती होईना.

बैठकीत संचालक निधी वनखात्याला देऊन मोकळे होणार, तेवढ्यात खडूस उभे राहिले. आपल्या तळ्यावर आजवर एकही टरफल सापडलेलं नाही, घरटं वेताच्या बेटात लपलेलं असेल असं आपण धरून चाललो, हे त्यांनी कबूल केलं. मग म्हणाले, "जन्म बाईंकडे होतो, साहेब. आमचं तळं नुसतं पाळणाघर. दलदल आटली तर आम्ही सांभाळायचं कुणाला? आधी त्यांचा बांध, मग तो मधला माळ, आणि उरलंच तर आम्ही." संचालकांनी चष्मा काढून पुसला आणि आराखड्यातला क्रम बदलला.

बाहेर आल्यावर खडूस म्हणाले, चला. बाई पहिल्यांदाच त्या तळ्यावर गेल्या. लंगडी उथळ पाण्यात चरत होती आणि तिच्या पायांत पिल्लू घोटाळत होतं. चांगलं धडधाकट होतं. बाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांना राहवेना.

"आणि मागच्या वर्षीचं? त्याच्या आधीची?"

"एखादं गेलं, खोटं कशाला बोलू," खडूस म्हणाले. "बाकीची उडाली, मॅडम. माझ्या डोळ्यांदेखत."

बाई तिथेच काठावर बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. खडूसांना काय करावं सुचेना. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि बाईंचं रडणं आवरेपर्यंत ती तशीच धरून उभे राहिले.