नऊच्या पुढचं शून्य

पुस्तकेंनी नऊ टाइप केला आणि बोट शून्याच्या कळीवर न टेकवता तसंच अधांतरी धरलं.

“वाचू?” शेजारच्या खुर्चीतून तिने विचारलं.

“थांब जरा. ओळ पुरी व्हायचीय.”

“एकच आकडा राहिलाय, काका.”

“हो. तोच.”

काळ्या पडद्यावर ती एकच ओळ होती आणि तिच्या टोकाशी पांढरा चौकोन उघडझाप करत होता. पुस्तकेंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. पुस्तके हे त्यांचं आडनाव नव्हे. खिशात, ड्रॉवरमध्ये, डब्याच्या पिशवीत कायम एखादं पुस्तक असायचं म्हणून कुणीतरी कधीतरी ठेवलेलं ते नाव. हजेरीपटावरचं खरं नाव वाचून नवे लोक विचारायचे, हे कोण, कधी दिसले नाहीत?

कार्यालय दत्तक नोंदींचं होतं. दुसऱ्या घरी दिलेल्या प्रत्येक मुलाची एक मोहोरबंद नोंद असे : जन्म देणारी कोण, कुठली, तिने बाळाला काही नाव ठेवलं होतं का. मूल मोठं झालं की त्याने इथे यावं, अर्ज करावा, आणि त्याची नोंद त्याच्यासमोर उघडली जावी. नोंदी इथे होत्या, पण त्या उघडणाऱ्या किल्ल्या, म्हणजे गुप्त आकडे, तीन यंत्रांच्या एका गटात, क्लस्टरमध्ये, होत्या आणि तो क्लस्टर दूर कुठल्या तरी परक्या इमारतीत होता. त्याला क्लाउड म्हणत. कार्यालयातल्या कुणीही तो पाहिला नव्हता. त्याला काही सांगायचं झालं तर इथे बसून एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, आणि उत्तराची वाट बघायची.

ओळ एकट्याने लिहायची नाही अशी पद्धत होती. टाइप करणाऱ्याला ‘हात’ म्हणत. दुसरा शेजारी बसून ती ओळ मोठ्याने, अक्षर न् अक्षर वाचून दाखवी. तो ‘डोळे’. डोळ्यांनी आपलं कार्ड यंत्राला टेकवून ‘हं’ म्हटलं की मगच हातांनी एंटर दाबायचं.

आज हात पुस्तके होते आणि डोळे ती. काम तसं किरकोळ. किल्ल्यांच्या रोज निघणाऱ्या प्रती, म्हणजे बॅकअप, किती दिवस ठेवायच्या एवढं एक सेटिंग बदलायचं होतं. गेली अकरा वर्षं तिथे ‘कधीच पुसू नये’ असं होतं. जागा भरत आली होती, वरून पत्र आलं होतं. आता नव्वद दिवस. त्याहून जुनं सगळं एंटर दाबल्याबरोबर जाणार होतं.

बाहेर अर्जांच्या खिडकीवरची घंटी वाजली.

“मी बघते,” ती उठली. तिच्या खुर्चीचं एक चाक कुरकुरलं. पूर्वीही असंच कुरकुरायचं.

खिडकीशी घड्याळं दुरुस्त करणारे ते गृहस्थ होते. वर्षातून एकदा, आपल्या वाढदिवशी, न चुकता यायचे. साठी ओलांडलेली, इस्त्रीचा सदरा, कपाळावर भिंगाचा वळ.

“उघडली का?”

“नाही.” तिने नोंदीचा क्रमांक विचारला नाही. तो तिला पाठ होता.

“पण आहे ना? गेलेली नाही?”

“आहे. बघायचीय?”

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. अकरा ओळी, नुसती अक्षरं आणि आकडे एकमेकांत मिसळलेले, कशालाच अर्थ नाही. गृहस्थ वाकून बघत राहिले. बंद पडलेलं घड्याळ आधी कानाशी धरायची त्यांची सवय असावी, कारण बघता बघता त्यांनी मान किंचित कलती केली.

“एवढंसं तर आहे,” ते म्हणाले. “यात नाव किती लांब बसेल?”

“सांगता येत नाही.”

“त्या बाईंनी घालवलं ना हे? मागे इथेच कुणीतरी सांगितलं.”

“हो.”

“तुमचा काय दोष, पोरी. एक शून्य टाकायला विसरली म्हणे. दोनशे तेरा जणांचं... असो. कशी होती हो ती?”

तिने पडदा परत आपल्याकडे वळवला. आत पुस्तकेंचा हात कळफलकावरून मांडीवर आला.

“नीटनेटकी होती म्हणतात,” ती म्हणाली.

“हां. नीटनेटक्या माणसांकडूनच होतं असं. आमच्या धंद्यातही.” त्यांनी टोपी चढवली. “चला. पुढच्या वर्षी येतो. चालू राहू द्या तुमचं.”

ती परत येऊन बसली. चाक कुरकुरलं. पुस्तकेंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

कार्यालयात बाई म्हटलं की एकच बाई. त्या वारल्यालाही आता सहा वर्षं झाली होती, पण नाव वापरात होतं. कुणी तारीख चुकवली, कुणी कुलूप विसरलं, की म्हणत, “बघ हं, बाई करशील.” चहा सांडला तरी म्हणत, “झाली बाई!” ती बाईंची मुलगी आहे हे त्यांच्यातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं. तिचं आडनाव वेगळं होतं आणि तिने कधी सांगितलं नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त पुस्तकेंना. बाईंना शेवटचं पोचवायला गेले तेव्हा त्यांनी तिला घराच्या दारात उभं पाहिलं होतं. चार वर्षांपूर्वी ती इथे रुजू झाली, दोन जागा रिकाम्या असताना आईचीच खुर्ची ओढून बसली, आणि म्हणाली, “काका, मला डोळ्यांचं काम द्या. हातांचं नको.” त्यापलीकडे दोघांत त्या विषयाचा एक शब्द झाला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी हात बाईंचे होते.

तेव्हाही नव्वदच टाकायचे होते. त्याच्या आदल्या महिन्यात जुन्या यंत्रांवरून नव्या यंत्रांवर किल्ल्या हलवल्या होत्या. त्यातला दोनशे तेरा किल्ल्यांचा एक जुडगा हलवायचा राहिला होता आणि तो फक्त एका जुन्या प्रतीत होता, हे कुणाला माहीत नव्हतं. बाईंनी नऊ टाइप केला, शून्याची कळ नीट बसली नाही, आणि एंटर गेलं. नऊ दिवसांहून जुन्या सगळ्या प्रती तासाभरात पुसल्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर तो जुडगाही. चौकशीत बाईंनी लिहून दिलं : मी डोळ्यांची वाट पाहिली नाही, ते पाणी प्यायला गेले होते. त्या काळी यंत्र दुसऱ्या कार्डावाचूनही हुकूम घेई, तेव्हा ते खरं वाटण्यासारखं होतं. कबुलीच हातात आल्यावर यंत्राची नोंद उघडून बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. बाईंना तळघरातल्या कोठारात हलवलं. तिथे त्यांनी पाच वर्षं खोकी मोजली.

पुस्तके पाणी प्यायला गेले नव्हते. ते इथेच, बाईंच्या शेजारी बसले होते. मांडीवर कादंबरी उघडी होती, अकरा पानं उरली होती. त्यांनी मान वर न करता कार्ड टेकवलं होतं आणि म्हटलं होतं, “हं.”

ती अकरा पानं त्यांनी अजून वाचली नव्हती. खरं तर त्यानंतर कुठल्याच पुस्तकाची शेवटची पानं त्यांना वाचता आली नव्हती. तिथवर यायचे, मग वाटायचं मागे कुणीतरी उभं राहून आपल्याबरोबर वाचतंय, त्याचं अजून व्हायचंय, आपण पान उलटू नये. पुस्तक मिटायचं, नवं आणायचं. घरी शेवट न वाचलेल्या पुस्तकांचं एक कपाट भरलं होतं. लेखक मंडळींचा एवढा अपमान दुसऱ्या कुणी केला नसेल, असं ते स्वतःशी म्हणत. पण हसू येत नसे.

आणि दर वर्षी नव्या लोकांना ‘नऊची चूक’ शिकवायला तेच फळ्यासमोर उभे राहत. सगळ्यांत जुने म्हणून. आजही तीन वाजता वर्ग होता.

“काका, शून्य.”

“आधी एक कर.” त्यांचा आवाज त्यांनाच चोरट्यासारखा वाटला. “एक जुनी प्रत काढ. अकरा वर्षांपूर्वीची. त्या दिवसाची. त्यात यंत्राने टिपलेली नोंद असेल.”

“कशाला?”

“वाच. मोठ्याने वाच.”

तिने कळफलक आपल्याकडे ओढला. ओळीमागून ओळी सरकल्या आणि थांबल्या. ती वाचू लागली, तशीच सपाट, एकेक शब्द सुटा करत. डोळे मिटले असते तर खुर्चीत कोण आहे हे पुस्तकेंना सांगता आलं नसतं.

“सेटिंग बदल. प्रती ठेवण्याचे दिवस. नवी किंमत, नऊ. हात...” तिथे आईचं नाव होतं. ते तिने बाकीच्या शब्दांसारखंच वाचलं. “डोळे हजर. कार्ड...” तिथे हजेरीपटावरचं ते नाव होतं, जे कुणी ओळखत नसे. “होकार, अकरा बेचाळीस. एंटर, अकरा बेचाळीस.”

वर पंखा फिरत होता. पुस्तके बोटांनी टेबलाची कड धरून बसले होते.

“झालं वाचून,” ती म्हणाली.

“कळलं ना?”

“मला माहीत होतं, काका.”

त्यांनी मान वळवली. अकरा वर्षांत त्या खुर्चीकडे ते पहिल्यांदाच सरळ बघत होते.

“आई सांगायची. म्हणायची, ओळ वाचून दाखवा म्हणायला हवं होतं मी. पण पुस्तकाच्या शेवटाला आले होते ते, असा चेहरा झाला होता, म्हटलं राहू दे, मोडायला नको.” तिने पडद्यावरची नोंद बंद केली. “लोकांचं नुकसान झालं त्याचं दुःख तिला फार होतं. तुमच्यावर राग नव्हता.”

“मग तू इतकी वर्षं... विचारलं का नाहीस?”

“तिनंच बजावलं होतं. त्यांना विचारू नकोस. विचारलंस तर सांगतील. विचारल्यावर काय, कुणीही सांगतं.”

“आता सांगितलं ना मी,” ते घाईने म्हणाले.

“हे मशीननं सांगितलं.” ती शांतच होती. “तुम्ही अजून कुठे काय बोललात?”

त्यांनी तोंड उघडलं. कितीतरी वाक्यं तयार होती, वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेली.

“शून्य टाका,” ती म्हणाली.

“अगं, एंटर दाबलं की ही नोंद जाईल. प्रिंट काढून ठेव आधी. उद्या कुणी मानलं नाही तर?”

“नको.”

“आईचं नाव...”

“कागद दाखवत फिरायचं नाहीये मला, काका.” तिने गळ्यातलं कार्ड काढून हातात घेतलं. “टाका.”

त्यांनी शून्य टाकलं. तिने ओळ सुरुवातीपासून वाचली, क्लस्टरचा लांबलचक क्रमांकसुद्धा एकेक आकडा करून, आणि शेवटी, “नऊ. शून्य.” कार्ड टेकलं. बारीक टिक असा आवाज झाला.

“हं,” ती म्हणाली.

पुस्तकेंनी पडद्यावरची ओळ पुन्हा एकदा स्वतः वाचली. मग त्यांनी एंटर दाबलं. पडद्यावर एक कोरडी ओळ उमटली, बदल स्वीकारला. कोपऱ्यातला प्रतींचा आकडा चार हजारांवरून घसरू लागला. ते दोघं तो बघत होते. नव्वदवर येऊन तो थांबला.

“संपवलंत का ते पुस्तक?” तिने उठता उठता विचारलं.

“नाही.”

तिने मान हलवली, आणि डबा खायला गेली.

तीन वाजता वर्गात सातजण होते. टेबलावर दर वर्षीचा कागद होता, त्यांच्याच अक्षरात, मथळा दोनदा अधोरेखित केलेला.

“सर, आज ती ‘झाली बाई’ची गोष्ट ना?” पहिल्या बाकावरून एकाने विचारलं आणि दोघं-तिघं हसले.

दार उघडलं. ती आत आली आणि शेवटच्या बाकावर गेली. शिकून झालेलं माणूस इथे कशाला, म्हणून दोघींनी मागे वळून पाहिलं.

पुस्तकेंनी कागद उचलला. पहिलं वाक्य त्यांना पाठ होतं : हातांनी डोळ्यांची वाट पाहिली नाही. त्यांनी तो कागद पालथा घातला. मग खडू घेऊन फळ्यावर मोठा नऊ काढला. पुढे एका आकड्याची जागा मोकळी सोडली. खडू हातात तसाच ठेवून ते वळले.

“या गोष्टीत दोन माणसं होती,” ते म्हणाले. “मी तुम्हाला आजवर एकाच माणसाची सांगत आलोय. म्हणजे, तुम्हाला नाही. तुमच्या आधीच्यांना.”

हसणं विरलं. खिशातल्या पुस्तकाने सदरा एका बाजूला ओढला होता. त्यांनी तो सारखा केला.

शेवटच्या बाकावर तिने वही उघडून तारीख लिहिली होती. पर्स तिने जमिनीवर ठेवली होती. शेजारची जागा तिने रिकामी ठेवली होती.