कापला की निसटला?

मी एक जुना आरएनए रेणू आहे. 'मी' म्हणताना जरा अडखळतो. कारण मित्रांनो, माझ्या इतक्या नकला झाल्या आहेत की त्यांतला मूळचा मी कोणता, हे माझे मलाच ठाऊक नाही.

प्रयोगशाळेतल्या ताईंनी आरएनएची रासायनिक अक्षरे कशीही जुळवून आमचा भलामोठा गोतावळा जन्माला घातला. त्यांना मॅग्नेशियम मिळताच स्वतःलाच कापणारा रेणू हवा होता. तो हे काम कसे करतो, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. त्यांनी आम्हाला शेपटीने बारीक मण्यांवर अडकवले आणि वरून मॅग्नेशियमचे पाणी सोडले. जो स्वतःला कापेल तो सुटून खालच्या नळीत पडेल. पडेल त्याच्या नकला काढायच्या, बाकीच्यांना नारळ.

मी पडलो. का पडलो, देव जाणे. पुन्हा अडकवले, पुन्हा पडलो. हळूहळू नळीत जिकडेतिकडे मीच. ताईंच्या मार्गदर्शक सरांनी माझे इतके कोडकौतुक केले, की आपण काहीतरी कापतो असे मलाही वाटू लागले. त्यांनी चारचौघांत सांगूनही टाकले. ताईंचा प्रबंध माझ्यावरच उभा राहणार होता आणि मुदत तोंडावर आली होती.

तरी ताईंनी माझी लांबी मोजली. कापलेला रेणू आखूड व्हायला हवा. मी होतो तेवढाच होतो. मग मॅग्नेशियम न घालता पाहिले, तरी मी पडलोच. माझी घडीच अशी, की शेपटी मण्यावर घट्ट बसत नाही. मॅग्नेशियम सोडण्याआधी मणी नीट धुतले असते, तर मी तेव्हाच वाहून गेलो असतो. घाईघाईत ताईंनी ते धुणे उरकले होते.

ताई तडक सरांकडे गेल्या.

"सर, हा कापत नाही. नुसता निसटतो."

"अगं, मी सगळ्यांना सांगून बसलोय."

"माहीत आहे. मी पहिल्यापासून सुरू करते."

सर हातमोजे चढवत म्हणाले, "चल, मणी या वेळी दोघं मिळून धुऊ."

आता मी शीतपेटीत पडून असतो आणि डोक्याचा पार गोंधळ होतो. मी लबाडी केली का? मला 'काप' असे कुणी म्हटलेच नव्हते. जो पडेल तो शहाणा, एवढाच नियम होता. माझ्या गर्दीत एखादा खरा कापणारा चिरडला गेला असेल, या विचाराने मात्र फार वाईट वाटते. मित्रांनो, कुणाला निवडताना तो पडला एवढेच पाहू नका, कसा पडला तेही तपासा. मला विचारून उपयोग नाही. मी मनापासून 'कापले' असेच सांगितले असते.