अण्णांनी सोडलेली भाकरी

बियाण्यांच्या कंपनीतली नोकरी सोडली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. जालन्याला त्यांच्या प्रयोगशाळेत बी उगवतं की नाही हे तपासायचं काम. आईच्या आजारपणात तिचं ताट सांभाळता सांभाळता माझं मन त्या कामावरून उठलं. ती असतानाच आहारशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू केला. तो संपला तेव्हा ती नव्हती. आता अंबडला एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत मी आहार सल्लागार म्हणून बसते.

माझे वडील, अण्णा, कुंभार पिंपळगाव या गावी एकटे राहतात. आई गेल्यापासून ते वाळत चालले होते. तपासण्या केल्या, सगळ्या ठीक निघाल्या. मग मी तक्ता करून दिला: दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, ताक. भाकरी शेजारच्या गिरिजाआत्यानं, म्हणजे त्यांच्या बहिणीनं द्यायची. फोनवर अण्णा म्हणायचे, "बराबर चालू हाय." वजन मात्र उतरतच होतं.

म्हणून एका रविवारी न कळवता गेले. आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"आत्या, अण्णा भाकरी खातात ना?"

"भाकरी? ती तर सोडली त्यानं. तुह्या मायच्या नावानं."

"कधी?"

"अस्थी घेऊन गोदावरीवर गेल्ते तवा. हातात पाणी घेऊन सोडली." तिनं शेंग दाबली. "तुह्या तातेरावमामानं तिथंच कारलं सोडलं. जन्मात कधी कारलं खाल्लं न्हाई त्यानं!"

"मग तू त्यांना काय देतेस?"

"चपाती. अर्धी खातो, अर्धी कुत्र्याला घालतो."

गेलेल्या माणसाच्या नावानं एखादा पदार्थ सोडायची आमच्यात रीत आहे, पण बायका नदीवर जात नाहीत, म्हणून हे मला ठाऊक नव्हतं. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, उपवास कोणते, वर्ज्य काय. अण्णांना विचारावं असं मनातही आलं नव्हतं. ते माझे वडील होते.

घरात अण्णा चहात खारी बुडवून खात होते. सदरा खांद्यावरून ओघळला होता.

"मला सांगितलं का नाही, अण्णा?"

"तू तक्त्यात लिहून दिल्ती. नवा धंदा तुहा, म्हणलं कशाला नाराज करावं लेकराला."

मला हसू आलं आणि ते लवकर थांबलंही.

"मामासारखं कारलं सोडायचं."

"मंग सोडलं कशाला म्हणायचं? जेवायला बसलं की कळलं पाहिजे, ती न्हाई."

त्यांच्या वयाला काय लागतं, उपाशी राहिलं की शरीर आधी काय खाऊन टाकतं, हे सगळं मला सांगता आलं असतं. मी कप उचलून मोरीत ठेवला.

"तू बी सोडलीच की नोकरी," ते मागून म्हणाले. "तिच्याच नावानं?"

"तसंच काहीसं."

"भारी वस्तू सोडलीस. माझी तर भाकरीच."

मी त्यांच्यासमोर येऊन बसले. "भाकरी सोडली, की ज्वारी?"

"वकिली करून राह्यलीस का, माय?"

"नाही. काय शिजवायचं ते मला कळलं पाहिजे. ज्वारी सोडली असेल तर तिला हात लावणार नाही."

त्यांनी बोटांवरचा खारीचा चुरा झटकला. मग म्हणाले, "भाकरी. तुही माय थापायची तशी कुणाला येत न्हाई. ज्वारीनं काय केलं बिचारीनं."

आत्याकडून ज्वारी आणली, मिक्सरवर भरड केली आणि कण्या शिजत ठेवल्या. अण्णा शेगडीजवळ येऊन उभे राहिले. इतकी वर्षं या घरात त्यांना मी तिथं कधी उभं पाहिलं नव्हतं.

"पाणी किती?"

"चौपट. मधूनमधून ढवळायचं."

"थापायचं काही न्हाई?"

"काही नाही."

"मंग मला जमंल." माझ्या हातातून त्यांनी पळी घेतली.

वाटीत कण्यांवर ताक ओतलं. अण्णांनी दोन घास खाल्ले आणि थांबले. मी वाटीकडे बघायचं टाळलं. रोज लोकांना खाताना बघणं हे माझं काम, पण ते मला इथं जमेना. थोड्या वेळानं चमचा पुन्हा वाजला.

वाटी रिकामी व्हायच्या आतच त्यांनी भिंतीकडे तोंड करून हाक दिली, "गिरिजे, उद्यापासून चपाती नको धाडू!"

पलीकडून आत्याचा आवाज आला, "बरं झालं! कुत्र्याला काय सांगू मंग?"

अण्णांनी वाटीत आणखी ताक ओतून घेतलं. ते खात होते.