बाबांच्या गूजबेरीची छाटणी

बाबा नोव्हेंबरात गेले. गूजबेरीच्या काड्या लावून नवी झुडपं धरायचा नेमका तोच महिना. माझ्या ते लक्षात आलं नाही, गावातल्या पुरुषांच्या मात्र आलं होतं.

आमच्या चेशायरच्या खेड्यात ऑगस्टमधल्या प्रदर्शनात सगळ्यांत वजनदार गूजबेरीला तांब्याची किटली मिळते. बाबांच्या परसातल्या एका काटेरी झुडपाला कोंबडीच्या अंड्याएवढी पिवळसर फळं धरायची. अकरा वर्षं पहिला नंबर आमचाच. पण बाबांनी कुणाला एक काडी दिली नाही. छाटलेल्या फांद्या स्वतः उभं राहून जाळायचे.

अंत्यसंस्काराच्या सकाळी ते पुढच्या खोलीत शवपेटीत होते आणि मी आल्यागेल्याला चहा देत होते. गावच्या गूजबेरी मंडळाचे चिटणीस क्लिफर्ड टनिक्लिफ आईचा हात धरून म्हणाले, "हिल्डा, पाठच्या भावासारखा होता गं मला तो." डोळे पुसून झाल्यावर माझ्याकडे वळले. "पोरी, संडास मागच्या अंगालाच ना?"

वीस वर्षं येत होते आमच्याकडे!

परत आले तेव्हा अंगठ्यातून रक्त येत होतं. मग रेग ओल्डहॅम उठले. मग आणखी दोघं. पाचवा उठला तशी मी कप खाली ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. काळ्या सुटातला तो माणूस झुडपापाशी चिखलात गुडघे टेकून बसला होता. खिशातल्या चाकूनं हातभर लांबीची काडी कापायची, खालचे डोळे अंगठ्यानं खुडायचे, ओल्या रुमालात गुंडाळायची. घाई कसली ती नाही.

"आई, ते लोक तिकडे..."

"माहीत आहे. सँडविचं संपलीत, आणखी कर."

स्मशानात पेटी खाली सोडताना क्लिफर्डकाका वाकले आणि कोटाच्या आतून काड्यांची टोकं बाहेर डोकावली. त्यांनी दुसऱ्या हातानं ती आत दाबली. दोर मात्र सोडला नाही, एवढं म्हणायचं.

घरी आल्यावर पाहिलं, तर झुडपाचं नुसतं खोड उरलेलं, साल फाटून लोंबत होती. मी तोंडाला येईल ते बोलले. आई बुटांच्या नाड्या सोडत होती.

"तुझ्या बापानं कुठून आणलं होतं ते, काय वाटतं तुला?" ती म्हणाली. "गावातल्याच जो हॅस्लमच्या मयताहून. कोटाला आतून खिसा मीच शिवून दिला होता."

त्या क्षणी मला बाबांचीही किळस आली. पुरून तीन तास झाले नव्हते. रडायला आलं होतं ते तिथेच आटलं.

झुडूप उन्हाळ्यापर्यंत वाळलं. मी ते उपटून टाकलं.

तिसऱ्या वर्षी प्रदर्शनात एकसारख्या फळांची पाच ताटं मांडलेली होती, पाच वेगवेगळ्या नावांची. पाचही जण एकमेकांच्या ताटांकडे बघत नव्हते. पहिला नंबर क्लिफर्डकाकांचा. वाणाच्या चिठ्ठीवर बाबांचं नाव घातलं होतं, 'विल्फ्रेडची आठवण'. टाळ्या झाल्या, पाद्रीबुवांनीही वाजवल्या. मग काका ते फळ घेऊन आईकडे आणि माझ्याकडे आले. त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास येत होता.

"घे पोरी, तू पहिली चाख. त्याला बरं वाटेल."

"कुठल्या खिशात वाढवलंत काका हे?"

रेग ओल्डहॅमांनी टोपी नीट केली. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र तसंच राहिलं, आणि तेच मला सगळ्यांत ओंगळ वाटलं.

मग आईनं त्यांच्या हातातून फळ घेतलं, अर्धं चावलं, बिया गिळल्या.

"विल्फ्रेडचं जास्त आंबट असायचं," ती म्हणाली. "शेणखत कमी घाल, क्लिफर्ड."

मी बाहेर जाऊन भिंतीशी उभी राहिले. आत ते दोघं खताबद्दल बोलत होते.